केडगावचे 'मुक्ती' : दुष्काळी पट्ट्यातील एका वसाहतीची व तिच्या प्रार्थनामंदिराची पायाभरणी

प्रास्ताविक

दख्खनच्या ग्रामेतिहासात गाव वसविणाऱ्याचे नाव सांगितले जाते, ते बहुधा पाटलाचे, देशमुखाचे किंवा एखाद्या जहागीरदाराचे असते. गावाच्या उत्पत्तीची कथा ही कौल, वतन आणि मिरास यांची कथा असते. ज्यांच्या नावावर वतन नव्हते, ज्यांना शिवारात हक्काचे वावर नव्हते आणि ज्यांचे घर दुष्काळात मोडले, अशा माणसांना त्या कथेत स्थान मिळत नाही. गाव सोडून जाणारे म्हणून त्यांची नोंद होते. गाव वसविणारे म्हणून क्वचितच होते.

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात, सध्याच्या दौंड तालुक्यातील केडगाव येथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उभी राहिलेली 'मुक्ती' ही वसाहत या नियमाला ठळक अपवाद आहे. पंडिता रमाबाईंच्या (१८५८-१९२२) चरित्राचा शेवटचा अध्याय म्हणून मुक्तीचा उल्लेख सर्वत्र होतो. देवदत्त नारायण टिळक यांच्या मराठी चरित्रापासून मीरा कोसंबी आणि उमा चक्रवर्ती यांच्या संशोधनापर्यंत रमाबाईंचे विचार, त्यांचे धर्मांतर आणि स्त्रीशिक्षणातील कार्य यांची भरपूर चर्चा झाली आहे. तथापि एक वस्ती म्हणून, म्हणजे जमीन, पाणी, घरे, उद्योग, शाळा आणि प्रार्थनास्थळ असलेला एक नवा गाव म्हणून मुक्तीकडे कमी प्रमाणात पाहिले गेले. प्रस्तुत निबंधात या दृष्टीने मुक्तीच्या स्थापनेचा व तेथील चर्चचा विचार केला आहे. मुक्तीच्या संस्थापक एकट्या रमाबाई नव्हत्या. दुष्काळातून आलेल्या स्त्रिया व मुली याही तिच्या संस्थापक होत्या, आणि तेथील चर्च हे त्यांच्या गावकीचे पहिले सार्वजनिक स्थान होते, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

पूर्व पुण्यातील वसाहतीची परंपरा

कऱ्हा, नीरा आणि भीमा या नद्यांच्या खोऱ्यांतील सुपे, बारामती, दौंड व इंदापूर हा प्रदेश सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. मावळात पाऊस कोसळत असताना येथे आभाळाकडे डोळे लावून बसावे लागते. या कारणाने येथील वस्ती कधीच पूर्णपणे स्थिर राहिली नाही. शहाजीराजांच्या जहागिरीत पुणे व सुप्याबरोबर इंदापूरचाही समावेश होता. सतराव्या शतकातील दुष्काळ व लढाया यांनी ओसाड झालेली गावे पुन्हा वसविण्यासाठी कौल देणे, पहिली काही वर्षे सारा कमी घेऊन तो क्रमाने वाढविणे, म्हणजेच इस्तावा देणे, ही त्या काळची मान्य पद्धत होती. गाव पुन्हा 'पांढरी'वर उभा राहावा आणि 'काळी' लागवडीस यावी, हा तिचा हेतू होता.

बारामतीची ओळखही बाहेरून आलेल्या माणसांनीच घडविली. अठराव्या शतकात बाबूजी नाईक जोशी यांच्या आश्रयामुळे या गावाला महत्त्व आले. पन्हाळ्यास जन्मलेले मोरोपंत (१७२९-१७९४) त्यांच्याच आश्रयाने बारामतीत स्थायिक झाले आणि मराठी पंडिती काव्याच्या इतिहासात बारामतीचे नाव कायमचे नोंदले गेले. म्हणजे आश्रयदाता असेल तर उपरा माणूसही येथे मूळ धरू शकत होता.

ब्रिटिश अमलात या प्रदेशाला वेगळ्या कारणाने महत्त्व प्राप्त झाले. प्रिंगल यांच्या पाहणीवर आधारलेली जमाबंदी अपयशी ठरल्यानंतर गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात नव्या पद्धतीच्या मोजणीस व आकारणीस प्रारंभ केला, आणि मुंबई इलाख्याच्या रयतवारी जमाबंदीचा नमुना येथून तयार झाला. जमीन रयतेच्या नावावर लागली. परंतु सारा रोखीने भरण्याच्या सक्तीमुळे ती सावकाराकडे गहाण पडण्याची वाटही मोकळी झाली. १२ मे १८७५ रोजी सुपे येथील बाजारात सावकारांविरुद्ध झालेला उठाव हा या प्रक्रियेचा परिणाम होता. त्यापाठोपाठ १८७६-७७ चा भीषण दुष्काळ आला. दुष्काळी कामांतून नीरा डाव्या कालव्याच्या उभारणीस गती मिळाली आणि पुढील दशकात कालव्याचे पाणी बारामतीच्या शिवारात खेळू लागले. सासवडकडील माळी कुटुंबे कालव्याकाठी येऊन खंडाने जमिनी घेऊ लागली आणि उसाची बागायत वाढली.

यावरून असे दिसते की, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पूर्व पुण्यात नवी वस्ती करण्याचे दोन मार्ग उपलब्ध होते. एक, राजसत्तेचा किंवा जहागीरदाराचा आश्रय; दुसरा, कालव्याचे पाणी आणि ते वापरण्याचे पिढीजात कसब. मुक्तीच्या वाट्याला यांपैकी काहीही आले नाही.

केडगावची निवड

पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू केले आणि पुढील वर्षी ते पुण्यास हलविले. उच्चवर्णीय हिंदू विधवांना शिक्षण देऊन स्वावलंबी करणे हा त्याचा उद्देश होता. बोस्टन येथे स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे अर्थसाहाय्य करण्याचे मान्य केले होते. ही मुदत १८९८ मध्ये संपणार होती. त्यानंतर संस्था कशी चालवावयाची, हा प्रश्न रमाबाईंपुढे होता. त्याचे उत्तर त्यांनी जमिनीत शोधले. फळबाग लावून व शेती करून तिच्या उत्पन्नावर सदन चालवावे, अशी त्यांची योजना होती. या हेतूने केडगाव स्थानकाजवळ सुमारे शंभर एकर जमीन घेण्यात आली.

केडगाव हे पुण्याहून पन्नास-पंचावन्न किलोमीटर अंतरावर, पुणे-सोलापूर लोहमार्गावर आहे. जवळून भीमा नदी वाहत असली तरी त्या काळी शिवार कोरडवाहू होते. जिरायत जमीन तुलनेने स्वस्त मिळत होती आणि रेल्वेमुळे पुण्यामुंबईशी संपर्क सुलभ होता. पाणी विहिरी खणूनच मिळवावे लागणार होते. कालव्याकाठची जमीन न घेता रेल्वेकाठची जमीन निवडण्यात रमाबाईंचा व्यवहारीपणा दिसतो. विहिरी खणल्या, झाडे लावली. पण १८९६ च्या अखेरपर्यंत ती केवळ एका शैक्षणिक संस्थेची शेती होती. ती वसाहत झाली ती दुष्काळामुळे.

दुष्काळ, प्लेग आणि स्थलांतर

१८९६-९७ च्या दुष्काळाची झळ मध्य प्रांतास विशेष तीव्रतेने बसली. ही बातमी कळताच रमाबाई तिकडे गेल्या. त्यामागे आत्मानुभवाची प्रेरणा होती. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे आणि आई लक्ष्मीबाई यांचा मृत्यू १८७४ च्या सुमारास दक्षिणेतील दुष्काळात, उपासमारीने झाला होता. पुढे वर्षानुवर्षे त्या व त्यांचे बंधू श्रीनिवास देशभर पायी भटकत राहिले. अन्न नसताना तीर्थक्षेत्री दिवस काढणे म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक होते, आणि आपल्या दुष्काळाच्या आठवणी त्यांनी १८९७ मध्ये लिहून प्रसिद्धही केल्या. दुष्काळी केंद्रांवर व रस्त्यांवर एकट्या पडलेल्या तरुण स्त्रियांना उपासमारीइतकाच धोका त्यांना फसवून पळविणाऱ्यांकडून आहे, हे त्यांच्या नजरेतून सुटले नाही. काही महिन्यांत सुमारे तीनशे मुली व स्त्रिया त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे प्रांतात आणल्या.

याच सुमारास पुण्यात प्लेगची साथ पसरली होती. घरांची झडती, विलगीकरण छावण्या आणि सक्तीचे स्थलांतर यांमुळे शहरात भीतीचे वातावरण होते. २२ जून १८९७ रोजी झालेली रँडची हत्या या असंतोषाची परिणती होती. अशा स्थितीत शेकडो दुर्बल मुलींना शहरातील आवारात ठेवण्यास अधिकाऱ्यांनी मनाई केली. प्लेग छावणीतील व्यवस्थेबद्दल, विशेषतः स्त्रियांच्या सुरक्षिततेबद्दल, रमाबाईंनी वृत्तपत्रातून जाहीर तक्रार केली आणि तिचे पडसाद ब्रिटिश संसदेपर्यंत उमटले. शासनाच्या प्लेग धोरणावर एका भारतीय ख्रिस्ती स्त्रीने केलेली ही टीका त्या वर्षीच्या पुण्याच्या इतिहासात लक्षात घेण्याजोगी आहे.

अखेर सर्व मुलींना केडगावच्या शेतावर हलविण्यात आले. तेथे निवाऱ्यासाठी इमारती नव्हत्या. तंबू, पेंढ्याच्या झोपड्या आणि कामचलाऊ छपऱ्या यांत पहिला पावसाळा काढावा लागला. आलेल्या मुलींपैकी अनेकींची प्रकृती इतकी खालावली होती की, अन्न मिळूनही त्या वाचू शकल्या नाहीत. शेताला आणि त्यावरील वस्तीला 'मुक्ती' हे नाव मिळाले ते या काळात. भारतीय अध्यात्मपरंपरेतील मोक्षाचा आणि ख्रिस्ती धर्मातील तारणाचा असे दोन्ही अर्थ या एका शब्दात सामावले आहेत. दुष्काळातून सुटलेल्या मुलींच्या दृष्टीने त्याचा तिसरा, अधिक साधा अर्थही होता.

वसाहतीची उभारणी

दख्खनच्या गावगाड्यात प्रत्येक गरजेसाठी एक बलुतेदार असतो आणि प्रत्येक बलुत्यामागे एक जात असते. मुक्तीमध्ये आलेल्या मुली निरनिराळ्या प्रांतांतील, भाषांच्या आणि जातींच्या होत्या. ठरीव कुळकाम तेथे पुन्हा उभे करणे शक्यही नव्हते आणि रमाबाईंना ते इष्टही नव्हते. त्यामुळे गावाला लागणारी सर्व कामे वस्तीतील स्त्रियांनीच शिकावीत, अशी रचना पुढे आली. दळणकांडण, स्वयंपाक, धुणे ही परिचित कामे होतीच. त्यांच्या जोडीला विणकाम, शिवणकाम, तेलाचा घाणा, दुभती जनावरे, शेती व बागकाम हे उद्योग सुरू झाले. विणकर, तेली, माळी ही जेथे जातींची नावे होती, तेथे ती कामांची नावे झाली. पूर्व पुण्याच्या सामाजिक इतिहासात या गोष्टीचे महत्त्व पुरेसे अधोरेखित झालेले नाही.

१८९९-१९०० च्या दुष्काळाने गुजरात, राजपुताना आणि दख्खन यांना ग्रासले. या वेळी मुक्तीतील स्त्रिया स्वतः गुजरातेत गेल्या आणि मोठ्या संख्येने निराधार मुलींना घेऊन आल्या. तीन वर्षांपूर्वी जी स्वतः वाचविली गेली, ती आता दुसरीला वाचविण्यासाठी निघाली. येथे आश्रित आणि संस्थापक यांमधील सीमारेषा पुसली गेलेली दिसते. १९०० च्या सुमारास मुक्तीची लोकसंख्या दोन हजारांच्या जवळपास पोहोचली. त्या काळच्या पूर्व पुण्यातील अनेक गावांपेक्षा ती मोठी होती.

वाढत्या लोकसंख्येबरोबर वस्तीचे विभाग पडले. पुण्यातील शारदा सदन केडगावी आले. समाजाने बहिष्कृत केलेल्या स्त्रियांसाठी १८९९ मध्ये कृपा सदन उघडण्यात आले. वृद्धांसाठी प्रीती सदन आणि मुलांसाठी सदानंद सदन असे विभाग होते. अंध स्त्रियांसाठी स्वतंत्र सोय होती आणि त्यांना ब्रेल लिपी शिकविली जात असे. या कामी रमाबाईंची कन्या मनोरमा हिचा मोठा वाटा होता. १८९८ पासून मेथडिस्ट मिशनरी मिनी एब्रम्स यांनीही मुक्तीच्या व्यवस्थापनात भाग घेतला.

या वस्तीतील सर्वांत लक्षणीय उद्योग छापखान्याचा होता. खिळे जुळविणे, छपाई, घडी घालणे व बांधणी ही सर्व कामे स्त्रिया करीत. रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक या मूळ भाषांच्या आधारे बायबलचे साध्या, ग्रामीण स्त्रीला कळेल अशा मराठीत भाषांतर करण्याचे काम हाती घेतले आणि मृत्यूपर्यंत, सुमारे अठरा वर्षे, ते चालविले. संस्कृताच्या पंडितेने संस्कृतप्रचुर मराठीचा जाणीवपूर्वक त्याग केला, हे भाषेच्या इतिहासातही लक्षणीय ठरते. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर पडला. काही वर्षांपूर्वी ज्यांना अक्षरओळखही नव्हती, अशा स्त्रियांच्या हातून हा ग्रंथ छापला गेला.

प्रार्थनामंदिर

बारामतीसारख्या जुन्या गावांत चर्च आले ते गाव वसल्यानंतर, बाहेरून. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ऑस्ट्रेलियातील चर्चेस ऑफ ख्राइस्ट या पंथाच्या मिशनने बारामतीत कार्य सुरू केले, तेव्हा तेथे पेठ, बाजार, देवळे आणि मशिदी पूर्वीपासूनच होत्या. मुक्तीत वस्ती व चर्च जवळजवळ एकाच वेळी घडत गेले. प्रारंभी उपासना छपरात किंवा मोकळ्यावर होत असे. स्वतंत्र इमारत नसताना पहिले मोठे बाप्तिस्मे भीमा नदीच्या पात्रात झाले. बैलगाड्यांतून व पायी नदीकडे निघालेला तो समुदाय पाहणाऱ्याला एखाद्या यात्रेसारखा वाटला असेल. चंद्रभागेच्या काठी वारकऱ्यांचा मेळा भरविणारी ही नदी केडगावच्या परिसरात एका नव्या समाजाच्या जन्माचीही साक्षीदार ठरली.

१८९९ मध्ये चर्चची कोनशिला बसविण्यात आली. ही इमारत वस्तीतील सर्व जणींना एकत्र बसता येईल एवढी विशाल असावी, असे ठरले होते. त्या वेळच्या आर्थिक स्थितीत हा निर्णय धाडसाचा होता. राहण्याच्या सदनांची गरज संपलेली नसताना एवढे मोठे प्रार्थनामंदिर कशासाठी, असा प्रश्न कोणासही पडला असता. त्याचे उत्तर वस्तीच्या स्वरूपात सापडते. गावात माणसे एकत्र येतात ती देवळाच्या ओट्यावर, चावडीत आणि पारावर. मुक्तीत चावडी नव्हती, पार नव्हता. आणि पारंपरिक गावात या दोन्ही जागी स्त्रीला बसण्याचा अधिकारही नव्हता. ब्राह्मण विधवा, कुणबी मुलगी, अस्पृश्य मानलेल्या घरातील अनाथ आणि कृपा सदनातील स्त्री यांना एका छपराखाली, एका जमिनीवर, एका पंक्तीत बसविणारी जागा म्हणजे हे चर्च होय. खुर्च्यांऐवजी जमिनीवर बसण्याची पद्धत ही या मातीतीलच होती.

या चर्चची आणखी दोन वैशिष्ट्ये नमूद करावी लागतील. पहिले, ते कोणत्याही एका पाश्चात्त्य पंथाच्या अधीन नव्हते. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे अँग्लिकन पंथात झाला होता. तथापि तेथील वरिष्ठांशी त्यांनी धर्मसिद्धान्त व स्वातंत्र्य या विषयांवर दीर्घ पत्रवाद केला आणि स्वतःचा विवेक गहाण टाकण्यास नकार दिला. मुक्तीचे चर्च या वृत्तीचे मूर्त रूप होते. दुसरे, त्याचा समुदाय प्रामुख्याने स्त्रियांचा होता. मोठ्याने प्रार्थना करणे, साक्ष देणे, भजने म्हणणे, आसपासच्या गावांत जाऊन बोलणे ही कामे स्त्रियाच करीत.

जून १९०५ मध्ये या समुदायात तीव्र धार्मिक जागृती झाली. तिच्या वार्ता देशोदेशी पोहोचल्या. त्या अनुभवावर मिनी एब्रम्स यांनी १९०६ मध्ये लिहिलेली पुस्तिका दक्षिण अमेरिकेत चिली देशातील वाल्पाराइसो येथील मिशनरी दाम्पत्याच्या हाती पडली आणि तेथे १९०९ मध्ये उदयास आलेल्या पेंटेकोस्टल चळवळीस तिने प्रेरणा दिली. जागतिक ख्रिस्ती धर्माच्या अभ्यासकांनी या चळवळीच्या उगमस्थानांत केडगावचा समावेश केला आहे. भीमाकाठच्या कोरडवाहू वस्तीतून प्रशांत महासागराच्या किनाऱ्यापर्यंत विचाराचा प्रवाह गेला, तो दुष्काळातून वाचलेल्या मुलींच्या प्रार्थनेतून सुरू झाला होता.

वाद आणि मर्यादा

मुक्तीचे मूल्यमापन करताना तिच्याभोवतीचे वाद टाळता येत नाहीत. शारदा सदन पुण्यात असतानाच, १८९३ मध्ये, तेथील मुलींचा कल ख्रिस्ती धर्माकडे झुकत असल्याच्या कारणावरून मोठा गदारोळ झाला. 'केसरी'ने कठोर टीका केली. न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला. धार्मिक तटस्थतेच्या आश्वासनावर सुरू झालेल्या संस्थेबाबत हा आक्षेप गंभीर होता. मुक्ती मात्र आरंभापासूनच उघडपणे ख्रिस्ती संस्था होती.

तरीही एक प्रश्न उरतो. उपासमारीने मृत्यूच्या दारी पोहोचलेल्या अल्पवयीन मुलीने अन्न व आसरा देणाऱ्याचा धर्म स्वीकारला, तर त्या स्वीकारास स्वेच्छा म्हणावे काय? या प्रश्नाचे सोपे उत्तर नाही. मुलींच्या स्वतःच्या शब्दांतील जे लेखन उपलब्ध आहे, ते बहुतांशी संस्थेच्याच प्रकाशनांतून आलेले असल्याने इतिहासकाराने ते सावधपणे वाचावे लागते. त्याच वेळी हेही ध्यानात घ्यावे लागते की, त्यांतील बहुतेकींना परत जाण्यासाठी घर उरले नव्हते आणि त्या काळच्या हिंदू समाजात सर्व जातींच्या निराधार स्त्रियांना इतक्या संख्येने सामावून घेणारी दुसरी व्यवस्था नव्हती. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये स्थापन केलेला अनाथ बालिकाश्रम १९०० मध्ये हिंगण्याच्या माळावर गेला. या कार्याचा शारदा सदनाशी जवळचा संबंध होता. कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई या सदनाच्याच विद्यार्थिनी होत्या. मात्र हिंगण्याचे प्रारंभीचे क्षेत्र उच्चवर्णीय विधवांपुरते मर्यादित होते. धर्माची चौकट सांभाळणारे हिंगणे आणि जातीची चौकट ओलांडणारे मुक्ती, या दोन माळरानांवरील दोन वसाहती एकत्र अभ्यासल्यास महाराष्ट्रातील स्त्रीसुधारणेचे चित्र अधिक स्पष्ट होते.

आर्थिक स्वावलंबनाच्या बाबतीत मूळ योजना पूर्णतः यशस्वी झाली असे म्हणता येत नाही. शंभर एकरांची शेती पन्नास-साठ जणींस पुरली असती. दोन हजारांस ती पुरणे अशक्य होते. अमेरिका, इंग्लंड व ऑस्ट्रेलियातील देणग्यांवर वस्ती दीर्घकाळ अवलंबून राहिली. शिवाय सर्व निर्णय रमाबाईंभोवती केंद्रित होते. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमेचा आणि ५ एप्रिल १९२२ रोजी स्वतः रमाबाईंचा मृत्यू झाला. अवघ्या नऊ महिन्यांत आई व मुलगी गेल्यानंतर संस्थेची सूत्रे विदेशी मिशनरी सहकाऱ्यांकडे गेली. ज्यांनी वस्ती उभारली त्या स्त्रियांकडे कारभार त्वरित आला नाही, ही मुक्तीच्या इतिहासातील एक उणीव मानावी लागेल.

तीन वसाहतींची तुलना

पूर्व पुणे व त्यालगतच्या सोलापूर जिल्ह्याच्या सीमेवर विसाव्या शतकात आणखी दोन प्रसिद्ध वसाहती उभ्या राहिल्या. सासवडच्या माळी बागायतदारांनी १९३२ मध्ये साखर कारखान्याची कंपनी स्थापन केली आणि अकलूजजवळ माळीनगर वसले. इंदापूर तालुक्यातील कळंबच्या परिसरात वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहाने साखर कारखाना काढला आणि त्याभोवती वालचंदनगर ही उद्योगनगरी निर्माण झाली. या दोन्ही वसाहतींमागे नीरा खोऱ्यातील कालव्यांचे पाणी होते. माळीनगरला जातीय संघटन, शेतीचे कसब व सामूहिक भांडवल लाभले. वालचंदनगरला औद्योगिक भांडवल व यंत्रज्ञान लाभले. दोन्ही वसाहतींची नावेच त्यांचे संस्थापक सांगतात.

मुक्तीजवळ कालवा नव्हता, जात नव्हती, वारसा नव्हता. तिच्याजवळ विहिरीचे पाणी, शिकलेला हात आणि समान श्रद्धेतून आलेला एकोपा होता. इतर दोन ठिकाणी उद्योग आधी आला आणि मग देवळे, शाळा व बाजार आले. मुक्तीत प्रार्थनास्थळ, शाळा व उद्योग यांची पायाभरणी दोन-तीन वर्षांच्या अवधीत एकत्रच झाली. म्हणूनच तिला केवळ अनाथाश्रम किंवा केवळ मिशन म्हणणे अपुरे ठरते. पूर्व पुण्याच्या अवर्षणग्रस्त पट्ट्यात वसाहतीच्या ज्या वाटा निघाल्या, त्यांतील ती एक स्वतंत्र वाट होती.

समारोप

दख्खनी गावात मिरासदार आणि उपरी असा भेद पूर्वापार होता. मिरासदार गावाचा असे. उपरी गावात राही, पण गाव त्याचे नसे. स्त्री तर माहेरी परक्याचे धन आणि सासरी परक्या घरची मानली जाई. विधवा झाल्यावर दोन्हींकडे तिचा हक्क क्षीण होई. या अर्थाने मुक्तीत आलेली प्रत्येक स्त्री दुहेरी उपरी होती. अशा दोन हजार उपऱ्यांनी एका कोरड्या माळावर विहिरी, सदने, माग, छापखाना आणि प्रार्थनामंदिर यांसह गाव उभा केला, ही घटना ग्रामेतिहासाच्या रूढ चौकटीत बसत नाही. चौकट बदलण्याची गरज त्यातून स्पष्ट होते.

रमाबाईंचे नाव इतिहासात राहिले, ते योग्यच आहे. पण विणणाऱ्या, खिळे जुळविणाऱ्या, गुजरातेत जाऊन दुसऱ्या मुलींना हाताला धरून आणणाऱ्या स्त्रियांची नावे सामान्य अभ्यासकापर्यंत पोहोचलेली नाहीत. बारामती, इंदापूर व दौंड परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास व समाजशास्त्र विभागांना या दिशेने काम करण्यास मोठा वाव आहे. चर्चमधील बाप्तिस्म्याच्या व विवाहाच्या नोंदी, जमिनीचे फेरफार, छापखान्याची प्रकाशने आणि मुक्तीतून बाहेर पडून परिसरात संसार थाटलेल्या कुटुंबांच्या मौखिक परंपरा ही साधने एकत्र तपासल्यास त्या संस्थापक स्त्रियांचा इतिहास लिहिता येणे शक्य आहे.

मुक्तीची संस्था आजही केडगावी कार्यरत आहे आणि रमाबाईंची समाधी तेथेच आहे. पुणे-सोलापूर लोहमार्गावरून जाणाऱ्या प्रवाशास केडगाव हे एक लहान स्थानक वाटते. १८९७ च्या उन्हाळ्यात या स्थानकावर उतरलेल्या मुलींना आपण एक गाव वसविण्यास आलो आहोत, याची कल्पनाही नव्हती. त्यांनी तो वसविला. पूर्व पुण्याच्या इतिहासात त्यांची नोंद आश्रित म्हणून होत आली. ती यापुढे संस्थापक म्हणून व्हावी, एवढे पुरावे निश्चितच उपलब्ध आहेत.